ड्यूबेरी : फळ मनसोक्त, औषध बेताने

रानमेव्यावरील विशेषांकानंतर परदेशस्थ वाचकांची आणि त्यांच्या येथील नातेवाइकांची जी पत्रे आली, त्यांतील पाच प्रश्न अमेरिकेच्या दक्षिण भागात उगवणाऱ्या एकाच काटेरी वेलीविषयी आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या वेलीलाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये, ह्यूस्टन शहराच्या बाहेरच्या भागात राहतो. परसातील कुंपणापलीकडे ओढ्याच्या काठाने एक काटेरी वेल जमिनीलगत पसरली आहे. मार्चमध्ये तिला पांढरी फुले आली आणि आता एप्रिलच्या अखेरीस हिरवी, लाल आणि काळी फळे एकाच वेळी दिसत आहेत. शेजारी तिला ड्यूबेरी म्हणतात आणि मुलांना बिनदिक्कत खाऊ देतात. भारतातून आलेल्या माझ्या सासूबाईंच्या मते मात्र ही तुती आहे. हे फळ ओळखावे कसे, आणि ते खाणे सुरक्षित आहे का?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर दिसते. आपण दिलेले वर्णन, ठिकाण आणि हंगाम तिन्ही सदर्न ड्यूबेरीशी जुळतात. तिचे शास्त्रीय नाव रुबस ट्रिव्हियालिस असे असून फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो यांनी केलेले तिचे वर्णन १८०३ साली प्रसिद्ध झाले. टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत आणि उत्तरेकडे व्हर्जिनियापर्यंत ती रस्त्यांच्या कडेला, पडीक शेतांत, रेल्वेमार्गालगत आणि ओढ्याकाठी आपोआप वाढते. कूळ गुलाबाचे आहे आणि फूल नीट पाहिले तर ते पटतेही, कारण रानगुलाबासारख्याच पाच सुट्या पाकळ्या आणि मध्यभागी पुंकेसरांचा दाट झुबका तिथे असतो.

सासूबाईंची गल्लत स्वाभाविक आहे, कारण दोन्ही फळे बारीक मण्यांच्या घोसासारखी दिसतात. परंतु तुती हा बिनकाट्यांचा वृक्ष आहे आणि तिचे एक फळ अनेक चिमुकल्या फुलांच्या कणसापासून बनते. ड्यूबेरीचे फळ एकाच फुलातील अनेक स्त्रीकेसरांपासून बनते. तिचा प्रत्येक मणी म्हणजे स्वतंत्र आठळी असलेले एक छोटे फळच असते. त्यामुळे ड्यूबेरी उलटी करून पाहिली, तर तळाशी फुलाची पाच हिरवी निदले ताऱ्यासारखी पसरलेली दिसतात. तुतीला असा तारा नसतो, फक्त देठ असतो. महाबळेश्वरला मिळणारी रासबेरी ही याच रुबस प्रजातीतील आहे, पण ती खुडली की गाभा झाडावरच राहतो आणि फळ टोपीसारखे पोकळ निघते. ड्यूबेरीचा गाभा फळाबरोबरच येतो व तोही खाल्ला जातो.

याच प्रजातीतील ब्लॅकबेरीच्या झुडुपाच्या काठ्या जाड असतात, कमानीसारख्या उभ्या राहतात आणि फळे घोसांत लागतात. ड्यूबेरीच्या फांद्या बारीक व लांबलचक असून त्या जमिनीवर सरपटतात, त्यांवर वाकड्या काट्यांखेरीज तांबूस ताठ केसही असतात आणि फूल बहुधा एकेकटे येते. फांदीचे टोक मातीला टेकले की तिथे मुळे फुटतात व नवे रोप सुरू होते. एका झुडपाची काही वर्षांत अभेद्य जाळी होते ती अशीच. प्रत्येक फांदी दोन वर्षे जगते. पहिल्या वर्षी ती केवळ वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि वाळून जाते. म्हणून फळे संपल्यावर वाळलेल्या फांद्या जरूर छाटाव्यात, पण त्याच हंगामात फुटलेले हिरवे कोंब राखावेत. पुढच्या वर्षीचे पीक त्यांवरच येणार असते.

फळ निःशंकपणे खाण्याजोगे आहे. काटेरी वेलीवर लागणारे, असे मणीदार, पिकून काळे होणारे कोणतेही विषारी फळ आपल्या भागात नाही. धोका आहे तो शेजाऱ्यांचा, म्हणजे वेलीच्या शेजाऱ्यांचा! पॉयझन आयव्ही ही वेल अनेकदा याच जाळीत मिसळून वाढते आणि दोघींनाही तीन-तीन पर्णिकांची पाने असू शकतात. आयव्हीला काटे मुळीच नसतात आणि तिच्या पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या बारीक दातेरी नसतात, एवढी खूण लक्षात ठेवली तर पुरते. ती आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातली आहे आणि तिच्या चिकात बिब्ब्याच्या तेलाशी साम्य असलेली द्रव्ये असतात. बिब्बा उतणे म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

याशिवाय चिगर नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे लाल किडे गवतातून पायांवर चढतात आणि नंतर कित्येक दिवस खाज सुटत राहते. त्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, मोज्यांत खोचलेली पँट आणि घरी येताच साबणाने स्नान हा उपाय उत्तम. दाट जाळीत कॉपरहेडसारखा विषारी साप सावलीला असू शकतो, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने फांद्या बाजूला कराव्यात. रेल्वेमार्गालगतची आणि हमरस्त्याच्या कडेची फळे मात्र मी खाऊ नका असेच सांगेन, कारण तिथे तणनाशके मारली जातात आणि फवारणी कधी झाली हे फळाकडे पाहून कळत नाही. आपल्या कुंपणापलीकडची जमीन कोणाची आहे, हेही एकदा विचारून घ्यावे.

खुडताना फळ ओढावे लागत असेल तर ते पिकलेले नाही. पूर्ण काळे झालेले, चकाकी किंचित उतरलेले फळ बोट लावताच हातात येते. लाल फळ घरी ठेवून पिकत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही ड्यूबेरीचा जॅम केला, पण तो सरबतासारखा पातळच राहिला आणि बिया दातांत अडकत राहिल्या. शिवाय धुताना फळांतून बारीक पांढऱ्या अळ्या निघाल्या, तेव्हापासून घरातील शाकाहारी मंडळींनी या फळाचा धसका घेतला आहे. काय करावे? – एक वाचिका, ऑस्टिन

उत्तर : आधी अळ्यांविषयी. त्या बहुधा फळमाशीच्या असाव्यात. स्पॉटेड विंग ड्रॉसोफिला ही पूर्व आशियातील माशी २००८ पासून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पसरली आहे. सर्वसाधारण फळमाश्या कुजणाऱ्या फळावर येतात, तर ही पिकू लागलेल्या धडधाकट फळाची साल चिरून आत अंडी घालते. अळ्या खाण्यात गेल्या तरी अपाय होत नाही, पण शाकाहारी घरात हे उत्तर चालणार नाही हे मी जाणतो. हंगामाच्या अगदी सुरुवातीची फळे घ्यावीत, कारण तेव्हा माशीची पैदास कमी असते. पिकलेले फळ वेलीवर राहू न देता एक दिवसाआड खुडावे आणि लगेच शीतकपाटात ठेवावे. वापरण्यापूर्वी मिठाच्या थंड पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवल्यास बहुतेक अळ्या बाहेर पडतात. मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावे. हे सगळे करूनही एखादी अळी राहिली नसेलच अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही, तेव्हा ज्यांना मनापासून नको असेल त्यांना आग्रह करू नये.

जॅम पातळ राहिला, कारण आपण बहुधा सगळी फळे पूर्ण पिकलेली घेतली. जॅम आळतो तो पेक्टिन हे फळातील घट्टपणा आणणारे द्रव्य, आम्लता आणि साखर या तिघांच्या मेळाने. फळ जसजसे पिकते तसतसे त्यातील पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही घटतात. म्हणून चार वाट्यांमागे एक वाटी लाल, अर्धकच्ची फळे मुद्दाम मिसळावीत. फळे थोड्या पाण्यात मऊ शिजवून जाड गाळणीवर डावाच्या पाठीने घासली की गर खाली येतो व बिया वर राहतात. एक किलो गराला पाऊण किलो साखर आणि एका लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर, सतत ढवळत आटवावे. थंड केलेल्या बशीत थेंब टाकून बोटाने सरकवावा आणि त्यावर सुरकुती पडली की आच बंद करावी. भांडे स्टीलचे घ्यावे, कारण लोखंडी कढईत फळातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाने गर काळपट पडतो व चवही बिघडते.

या फळाचा जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा आहे. आम्लात ती लालसर दिसतात आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाबरोबर निळसर होतात. म्हणूनच केकच्या पिठात घातलेल्या फळांभोवती कधी निळे-करडे वर्तुळ दिसते. तो केक बिघडलेला नसतो. दुधात फळ कुस्करले तर त्यातील आम्लाने दूध फाटते, तेव्हा शिकरणाचा मोह आवरून चक्क्यात गर घालावा. ड्यूबेरीचे श्रीखंड आम्रखंडापेक्षा सरस होते, असे माझे मत आहे आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे. मात्र गर आधी आटवून पूर्ण गार करून घ्यावा, नाहीतर चक्का सैल पडतो. टेक्सासमधील घरांत मात्र पहिला मान कॉब्लरचा असतो. खोल भांड्यात गोड केलेली फळे घालून त्यांवर लोणी व मैद्याचे सैल पीठ ओतायचे आणि ते भट्टीत भाजायचे, असा तो साधा पदार्थ आहे.

जादा फळे साठवायची असतील तर धुऊन कोरडी करून ताटात एका थरात गोठवावीत आणि कडक झाल्यावर पिशवीत भरावीत. जॅमलाही अशी फळे चालतात.

प्रश्न : माझी मुलगी अलाबामा राज्यात राहते. तिथे एका वयस्कर बाईंनी तिला ड्यूबेरीच्या मुळांचा काढा हा जुलाबावर रामबाण उपाय असल्याचे सांगितले. इंटरनेटवर तर पानांच्या चहाने मधुमेह आणि कर्करोगही बरे होतात असे वाचले. आयुर्वेदात या वनस्पतीचा उल्लेख आहे का? औषध म्हणून ती घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या बाईंचे म्हणणे निराधार नाही, इंटरनेटवरचे बरेचसे आहे.

रुबस प्रजातीच्या मुळांचा काढा पोट बिघडल्यावर देण्याची रीत चेरोकी आणि इतर मूळ अमेरिकी लोकांत युरोपीय वसाहतींच्या आधीपासून होती. वसाहतकारांनी ती उचलली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात जेवढे सैनिक लढाईत मेले त्याच्या सुमारे दुप्पट रोगांनी मेले, आणि त्या रोगांत अतिसार व आमांश अग्रभागी होते. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने औषधांची आयात अडली. तेव्हा फ्रान्सिस पोर्शर या दक्षिण कॅरोलिनातील वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाकडे देशी वनस्पतींच्या उपयोगांची माहिती संकलित करण्याचे काम सोपवण्यात आले, आणि १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या प्रजातीचाही समावेश होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात ‘रुबस’ या शीर्षकाखाली ज्या जातींच्या मुळांची साल मान्य होती, त्यांत रुबस ट्रिव्हियालिस, म्हणजे नेमकी हीच वेल, नावानिशी होती. तिचा अर्क आणि पाक औषधविक्रेत्यांकडे मिळत असे. विसाव्या शतकात मात्र हे औषध त्या कोशातून वगळले गेले.

त्याचा गुण येत होता तो टॅनिनांमुळे. ही तुरट द्रव्ये प्रथिनांना बांधून घट्ट करतात. आतड्याच्या किंवा तोंडाच्या अंतस्त्वचेवर त्यामुळे एक पातळ थर तयार होतो, स्राव घटतो आणि दाह थोडा शमतो. आपल्याकडे डाळिंबाची साल उगाळून देतात, तिचेही काम मुख्यतः याच गटातील टॅनिने करतात. आयुर्वेदीय संहितांत या अमेरिकी वेलीचा उल्लेख असणे शक्यच नाही. परंतु कषाय म्हणजे तुरट रस स्तंभन करतो, म्हणजे स्राव रोखतो, हे आयुर्वेदाचे निरीक्षण तिला लागू पडते, एवढे म्हणता येईल. यापुढे जाऊन तिला एखादे संस्कृत नाव चिकटवून विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. तुरट द्रव्य जुलाबाचे कारण दूर करत नाही. सूक्ष्मजंतूंचा संसर्ग असेल तर तो तसाच राहतो. अतिसारात माणूस दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने, आणि ते भरून काढण्याचे काम कोणताही काढा करत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पाणी, किंवा दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी, हेच पहिले औषध. यादवी युद्धातील त्या सैनिकांना हे पाणी मिळाले असते तर त्यांच्यातले कितीतरी वाचले असते.

आजच्या काळातील अधिकृत मत पाहायचे तर जर्मनीच्या ‘कमिशन ई’ या वनौषधी समितीने ब्लॅकबेरीच्या पानांना दोन कारणांसाठी मान्यता दिली आहे : सौम्य, तात्पुरता जुलाब आणि तोंड-घशाचा सौम्य दाह. मात्रा दिवसाला साडेचार ग्रॅम वाळलेली पाने. ड्यूबेरी ही त्याच ब्लॅकबेरीची सख्खी बहीण असल्याने मोठ्या माणसाने पोट किंचित बिघडल्यास दीड ग्रॅम सुकी पाने कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटे झाकून, गाळून, दिवसातून तीनदा घेण्यास हरकत नाही. तोंड आले असता याच पाण्याने गुळण्या कराव्यात. पाने फवारणी नसलेल्या जागेवरची, कोवळी, तांबेरा नसलेली घ्यावीत आणि सावलीत पूर्ण वाळवावीत. दोन दिवसांत फरक पडला नाही, ताप आला, शौचावाटे रक्त गेले, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती किंवा वृद्ध असेल, तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टर गाठावा.

मुळांच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांत टॅनिन अधिक असल्याने काढा फार तुरट होतो, मळमळ आणि मागाहून बद्धकोष्ठ होतो, आणि मुळे खणली की वेलही जाते.

आणखी एक सूचना महिला वाचकांसाठी. टॅनिनांमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. ज्यांना रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हा चहा गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे.

मधुमेह आणि कर्करोग यांविषयीचे दावे बहुतांशी प्रयोगशाळेतील पेशींवर किंवा उंदरांवर झालेल्या कामावरून फुगवलेले आहेत. त्यांच्या भरवशावर चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे. मधुमेही व्यक्तीने फळ मात्र आनंदाने खावे. ब्लॅकबेरीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ४३ कॅलरी, पाच ग्रॅम तंतू, जेमतेम पाच ग्रॅम शर्करा आणि २१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, आणि ड्यूबेरी यापासून फार दूर नसावी. जॅम खाल्ला की हा हिशेब अर्थातच कोलमडतो.

प्रश्न : आमच्या वेलीच्या पानांच्या मागे भडक केशरी भुकटी दिसते. ती फळे खावीत का?

उत्तर : हा ऑरेंज रस्ट नावाचा तांबेरा आहे. ती बुरशी माणसाला बाधत नाही, पण रोगट फांद्यांना बहुधा फळच धरत नाही. बुरशी मुळांपर्यंत भिनलेली असल्याने छाटणीने किंवा फवारणीने रोप बरे होत नाही. ते मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकावे.

प्रश्न : अमेरिकेतील दुकानांत ब्लॅकबेरी, रासबेरी मिळते, मग ड्यूबेरी का मिळत नाही? आणि तिची दोन-चार रोपे आणून सातारा जिल्ह्यातील आमच्या शेताच्या बांधावर कुंपण म्हणून लावता येतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एके काळी ती मिळत असे. उत्तर कॅरोलिना राज्यातील कॅमेरॉन हे छोटे गाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ड्यूबेरीच्या व्यापाराचे केंद्र होते आणि तिथून रेल्वेने फळे उत्तरेकडील शहरांत जात. पण फळ फार मऊ, काटे बोचरे आणि वेल जमिनीसरपट, त्यामुळे तोडणीला माणसे वाकून वाकून थकत. उभ्या वाढणाऱ्या बिनकाट्यांच्या ब्लॅकबेरी आल्यावर ती मागे पडली. तिचे रक्त मात्र बाजारात आहे. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथे जेम्स लोगन यांच्या बागेत १८८० च्या दशकात निपजलेल्या लोगनबेरी या संकरित फळाचे एक पालक पश्चिम किनाऱ्यावरील ड्यूबेरीच्या वंशातले होते, आणि यंगबेरीत टेक्सासच्या ड्यूबेरीचा अंश आहे.

रोपे आणण्याच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा अधिकृत दाखला यांशिवाय जिवंत रोप, मूळ किंवा फांदी भारतात आणणे नियमबाह्य आहे, आणि वर सांगितलेला तांबेरा पाहिला तर तो नियम जाचक वाटू नये. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्याकडील रुबस निव्हियस ही जात गालापागोस बेटांवर नेली गेली आणि तिथे तिने जंगलेच्या जंगले व्यापली. हिमालयात हिसालू म्हणून आवडीने खाल्ली जाणारी पिवळी रासबेरी हवाईमध्ये इतकी माजली की जगातील शंभर अत्यंत घातक आक्रमक जीवजातींच्या यादीत तिचे नाव आहे. टोक टेकले की रुजणारी वेल पश्चिम घाटाच्या पायथ्याशी सोडून पाहण्याचा प्रयोग कोणी करू नये.

बांधासाठी करवंद लावावे. काटे तितकेच कडवे, गुरे आत शिरत नाहीत, पाण्याची तक्रार नाही आणि फळ घरचेच. पावसाळ्याच्या तोंडाला ताज्या बियांपासून केलेली रोपे दीड-दोन हातांच्या अंतराने लावली, तर तीन-चार वर्षांत जाळी मिळून येते. रासबेरीचीच हौस असेल तर महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील एखाद्या रोपवाटिकेतून तिचे रोप घ्यावे. मात्र साताऱ्याच्या पूर्वेकडील कोरड्या, तापट तालुक्यांत शेत असेल तर तो खर्च करू नये.